पितरांचे स्मरण आणि आपले कर्तव्य
(आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दर्यापूर येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस चार शब्द बोलावयास सांगितले आणि विषयही तेच नेमून दिला, तो म्हणजे ‘पितरांचे स्मरण’. मेळाव्यासारख्या आनंदाच्या प्रसंगी हा विषय काहींस उदास वाटेल. परंतु गेल्या दोन वर्षांत मंडळाच्या बैठकीत ज्या एका प्रश्नावर सर्वांत अधिक खल झाला तो हाच आहे. तेरवी करावी की न करावी, केली तर किती पानांची करावी, दहा दिवसांचे सुतक तीन दिवसांवर आणावे काय, यावर वडील मंडळी आणि तरुण मंडळी यांची तोंडे दोन दिशांना झाली आहेत. वडील म्हणतात, पोरांना पितर नकोसे झाले. तरुण म्हणतात, वडिलांना जेवणावळी हव्या आहेत. आमच्या मते दोघांच्याही म्हणण्यात निम्मे खरे आहे. म्हणून कोणाचा पक्ष घेण्यापूर्वी आपले वाडवडील हे विधी कशासाठी करीत आले, याचा थोडा विचार करू.

आपल्या शास्त्राने मनुष्यावर तीन ऋणे सांगितली आहेत : देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. हा शब्द आपल्या वऱ्हाडास परका नाही. येथून जवळच भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थच आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. ऋणमोचन म्हणजे ऋणातून सुटका. परंतु पितृऋण हे सावकाराच्या कर्जासारखे एकदा फेडून पावती घेण्याचे ऋण नव्हे. आपण ज्या विहिरीचे पाणी पितो ती कोणी खोदली, ज्या शेतात कपाशी पेरतो त्यातील दगडगोटे कोणी वेचले, हे आठवणे आणि तसेच काही पुढच्यांसाठी ठेवून जाणे, ही त्याची फेड होय. श्राद्ध हा शब्द श्रद्धेपासून आला आहे. जे श्रद्धेने करावयाचे ते श्राद्ध, इतका त्याचा सरळ अर्थ आहे.

आता विधींकडे पाहू. घरात मृत्यू झाला की त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे लोक भाकरी आणि पिठले घेऊन येतात आणि घरच्यांस आग्रहाने दोन घास खावयास लावतात. तिसऱ्या दिवशी राख सावडतात, दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवतात, तेराव्या दिवशी तेरवी, मग मासिक आणि वर्षाने वर्षश्राद्ध. ही पायऱ्यांची रचना ज्याने केली त्याने मनुष्याचे मन ओळखले होते, असे आम्हांस वाटते. दुःखात बुडालेला माणूस एकदम उठून कामास लागू शकत नाही आणि त्यास तसेच सोडले तर तो उठतच नाही. म्हणून पहिले दहा दिवस त्याने काही करावयाचे नाही, लोकांनी त्याच्याकडे यावयाचे. तेराव्या दिवशी त्याच्या डोक्यास पागोटे बांधून त्यास सांगावयाचे की, बाबा, आता घर तुझ्याकडे पाहते आहे. आणि वर्षभर ठराविक दिवशी पुन्हा त्याच्या दारी जावयाचे. शोकास वाट मिळते आणि मर्यादाही मिळते.

दहाव्याच्या विधीत कावळ्यास मोठे महत्त्व आहे. तरुण मंडळी त्यास हसतात. परंतु चंद्रभागेच्या काठी त्या वेळी काय घडते ते नीट पाहावे. कावळा पिंडास शिवत नसला की जमलेले लोक विचारू लागतात, गेलेल्याची कोणती इच्छा राहिली? मग थोरला मुलगा हात जोडून म्हणतो, बहिणीचे लग्न मी करीन. भाऊ म्हणतो, वहिनीच्या नावचे शेत तिच्याकडेच राहील. कोणी म्हणतो, आईस अंतर देणार नाही. कावळा येतो किंवा येत नाही. न आल्यास दर्भाचा कावळा करून पिंडास लावतात. म्हणजे विधी कावळ्यावाचून अडत नाही. मात्र पन्नास माणसांच्या देखत उच्चारलेले वचन मागे राहते. कोर्टातील कागदापेक्षा हे वचन मोडणे अधिक जड जाते, कारण ते ऐकणारे उद्या बाजारात भेटणार असतात. गेलेल्याचे अपुरे काम जिवंतांनी साक्षीदारांसमक्ष अंगावर घेणे, हा या विधीचा गाभा आहे. ज्यास कावळा मानावयाचा नसेल त्याने मानू नये, परंतु ते वचन मात्र अवश्य द्यावे.

वर्षाच्या पंचांगातही पितरांस जागा ठेवलेली आहे. अक्षय्य तृतीयेस आपल्याकडे पितरांच्या नावे नवी घागर भरून ठेवतात. ऊन कडक असते, म्हणून थंड पाण्याची घागर. आंबा नवा असतो, म्हणून पहिला आंबा त्यांचा. कित्येक घरी त्या दिवसापर्यंत आंबा तोंडात घालीत नाहीत. भाद्रपद वद्य पक्ष तर सर्वस्वी त्यांचाच. कढी, वडे, खीर, कोहळ्याची भाजी करून ज्याच्या त्याच्या तिथीस पान वाढतात. या पंधरवड्याची वाटणी पाहण्यासारखी आहे. नुकत्याच गेलेल्यांसाठी भरणी श्राद्ध. सवाष्णपणी गेलेल्या स्त्रियांसाठी अविधवा नवमी. संन्याशांसाठी द्वादशी. शस्त्राने, अपघाताने किंवा अकाली गेलेल्यांसाठी चतुर्दशी. आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही, ज्यांच्यामागे कोणी उरले नाही, अशा सर्वांसाठी सर्वपित्री अमावास्या. भगिनी-बंधूंनो, या यादीतून कोणी वगळलेले नाही हे ध्यानात घ्या. कसाही मृत्यू आला असो, त्या माणसास आठवणीत एक दिवस दिलेला आहे.

ही गोष्ट केवळ आपलीच नव्हे. आपल्याच जिल्ह्यात मेळघाटातील कोरकू बांधव आपल्या मृतांसाठी लाकडी खांब कोरून उभे करतात. त्यास ते मुंडा म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेले असतात. आपल्या महाराष्ट्रातील जुन्या वीरगळांवरही वर चंद्रसूर्य असतात, म्हणजे ते आहेत तोवर नाव राहो. मुसलमान बांधव शब-ए-बारातच्या रात्री कबरस्तानात जाऊन दिवे लावतात. ख्रिस्ती लोक २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात. जपानात ओबोन आणि चीनमध्ये छिंगमिंग हे सण पूर्वजांचेच आहेत. भाषा, देव आणि देश निराळे, परंतु गेलेल्यास नावाने हाक मारण्याची माणसाची गरज एकच आहे.

परंतु बंधूंनो, विधीचा असा गौरव करून आम्ही थांबलो तर ते अर्धसत्य होईल. ज्या ऋणमोचनाचा उल्लेख केला तेथूनच एका थोर पुरुषाने आपल्या कार्यास आरंभ केला. संत गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी आपल्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव येथे झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात लहानपणीच गेले, आणि आईने त्यांस घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेर गाठले. देवाधर्माच्या आणि बारशा-तेरव्याच्या निमित्ताने दारू आणि बकरे यांत माणसे कशी बुडतात, हे त्यांनी घरातच पाहिले होते. म्हणून स्वतःच्या मुलीच्या बारशास त्यांनी जातीचा रिवाज मोडून गोड जेवण घातले. भाऊबंद रागावले, पण ते ढळले नाहीत. १९०५ साली त्यांनी घर सोडले. ऋणमोचनास १९०८ साली लक्ष्मीनारायणाचे मंदिर उभे राहिले. यात्रेत लोक पूर्णेत स्नान करून ऋणातून सुटू पाहत, आणि बाबा हाती खराटा घेऊन त्यांची वाट झाडीत. ऋण काढून सण करू नका, हे त्यांनी खेड्यापाड्यांत जन्मभर सांगितले.

आम्ही या तालुक्यात अनेक वर्षे शाळेत शिकविले. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी शेतीचा कागद सावकाराकडे गेल्याची उदाहरणे आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक आहेत. कपाशीचे पीक एका बोंडअळीने किंवा एका अवकाळी पावसाने जाते. अशा घरात कर्ता पुरुष गेला असता त्याच्या विधवेने पाचशे पाने वाढावी, अशी अपेक्षा करणारे आपण कोण? पितृऋण फेडण्यासाठी सावकाराचे ऋण काढणे म्हणजे बापाचे नाव राखण्यासाठी त्याचेच शेत विकणे होय. आणि अशा पंगतीस आपण आनंदाने बसतो तेव्हा मढ्याच्या टाळूवरचे लोणी कोण खातो, याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. पती गेला त्याच वेळी त्या बाईच्या बांगड्या फोडावयाच्या, कुंकू पुसावयाचे, मंगळसूत्र तोडावयाचे, आणि तेही पुष्कळदा तिच्या वयाच्या बायांच्याच हातून. मृतास मान देण्यासाठी जिवंताचा अपमान करणे हे कोणत्या धर्मात बसते? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींस त्याचा कित्ता गिरविण्यास सांगितले. आपण ज्ञातीचे लोक त्या गावापेक्षा मागे राहावे काय? स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक दाखला सांगतो. २८ नोव्हेंबर १८९० रोजी महात्मा जोतीराव फुले वारले तेव्हा टिटवे कोणी धरावे यावर भाऊबंदांनी वाद घातला. सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले आणि त्या पुढे चालल्या. त्या गोष्टीस सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आजही मुलगी अग्नी देते म्हटले की आपल्याकडे कुजबुज होते.

श्राद्धाचे खरे मर्म पैठणच्या एकनाथ महाराजांनी दाखविले आहे. महिपतींनी भक्तविजयात ती कथा सांगितली आहे. पितरांसाठी केलेल्या स्वयंपाकाचा वास दारावरून जाणाऱ्या भुकेल्या अंत्यज कुटुंबास आला, मुले रडू लागली, आणि नाथांनी ते अन्न त्यांस पोटभर वाढले. ब्राह्मण रुसून बसले, तेव्हा स्वतः पितर येऊन जेवले असे कथा सांगते. चमत्कार कोणी मानो वा न मानो, पितर कोणत्या घासाने तृप्त होतात याचे उत्तर त्यात आहे. हेच नाथ आपले गुरू जनार्दनस्वामी यांची पुण्यतिथी फाल्गुन वद्य षष्ठीस श्रद्धेने करीत, आणि त्याच तिथीस १५९९ साली त्यांनी स्वतः देह ठेवला. म्हणजे ज्यांनी रूढीस धक्का दिला त्यांनी स्मरण सोडले नाही. सोडावयाचे काय आणि राखावयाचे काय, हे त्यांस कळले होते.

आपल्या वऱ्हाडानेही नवे विधी निर्माण केले आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत अंत्यसंस्कारावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आणि साधेपणाचा मार्ग सांगितला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी त्यांचे निर्वाण झाले. आजही दरवर्षी आश्विन वद्य पंचमीस गुरुकुंज मोझरी येथे त्याच मिनिटास सारा जनसमुदाय उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. हजारो माणसे, परंतु कोणाचा श्वासही ऐकू येऊ नये अशी शांतता. त्यास खर्च काय? काही नाही. ज्याने ती शांतता एकदा अनुभवली तो ती विसरत नाही.

गाडगेबाबांनी तर आपली मूर्ती, समाधी किंवा मंदिर बांधू नका असे बजावून ठेवले होते. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचे प्राण गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेल्यास तेव्हा पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. लोकांना राहवले नाही आणि अमरावतीस बाबांची समाधी झालीच. परंतु त्यांचे खरे स्मारक २० डिसेंबरला गावोगाव हाती खराटा घेऊन निघणारी माणसे हेच आहे. कोणाचे स्मरण करावयाचे तर त्याने जे केले ते थोडे तरी करावे, ही रीत त्यांनी आपणांस न सांगता शिकविली.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. वर्गात आम्ही मुलांस एक प्रश्न वर्षानुवर्षे घालीत असू : आपल्या घरातील तीन पिढ्यांची नावे लिहा. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो आणि आईच्या माहेरच्या पितरांचाही होतो, म्हणून तीन. वडिलांचे नाव सर्व लिहीत. आजोबांचे बहुतेक लिहीत. पणजोबांपाशी पुष्कळांची लेखणी थांबे. आणि पणजीचे नाव लिहिणारा मुलगा क्वचितच निघे. ज्या बाईने दळण-कांडण करून हे घर चालविले, तिचे नाव तीन पिढ्यांत पुसले जाते. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांची नावे आणि त्यांच्या यात्रांची नोंद सापडते, परंतु आपल्या स्वतःच्या घरात ती नसते, ही खेदाची गोष्ट आहे.

आणि अलीकडची एक जखम तर उघडीच आहे. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत आपल्या देशातील एक कोटीहून अधिक माणसे गेली. घरेच्या घरे बसली, आणि आज त्या माणसांची नावे सांगणारा कोणी उरला नाही. पुढे शंभर वर्षांनी कोरोना आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. अंत्यविधीस वीसच माणसे असा नियम होता, आणि कित्येकांच्या वाट्यास तेवढीही आली नाहीत. मुलगा पुण्यात अडकलेला, सून विलगीकरणात, देह प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. तोंड पाहता आले नाही, दहावा झाला नाही, शेजारी भाकरी घेऊन येऊ शकला नाही. अशा घरांतील लोक आम्हांस आजही म्हणतात की, आमचे माणूस गेले असे अजून वाटतच नाही. विधी फुकटचा नव्हता, हे त्या दिवसांत ज्यांच्यावर प्रसंग गुदरला त्यांस पुरते कळले. तसेच जे शेतकरी बांधव कर्जापायी स्वतःच्या हाताने गेले, त्यांचे नाव तर घरातही हळू आवाजात घेतात. लक्षात ठेवा, पंचांगाने अकाली गेलेल्यांसही चतुर्दशी दिली आहे. जेथे पंचांगाने दार लावले नाही तेथे आपण लावू नये.

म्हणून आम्ही या व्यासपीठावरून चार सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली. प्रत्येक घराने एक स्मरणवही करावी. तीत गेलेल्या माणसाचे पूर्ण नाव, गाव, तिथी, तारीख आणि त्याने केलेले एक तरी काम लिहावे. स्त्रियांची नावे माहेरच्या नावासह लिहावी. लहानपणी गेलेल्या मुलांचीही लिहावी. घरातील सर्वांत वृद्ध माणसास समोर बसवून हे काम याच वर्षी करावे, कारण त्यांच्याबरोबर ती नावेही जातील.

दुसरी. सर्वपित्री अमावास्येस मंडळाने ज्ञातीतील सर्व गेलेल्यांची नावे मोठ्याने वाचावी. ज्यांचा विधी २०२० आणि २०२१ साली होऊ शकला नाही त्यांची नावे प्रथम वाचावी, आणि नंतर दोन मिनिटे सर्वांनी उभे राहावे. पुण्या-मुंबईकडील मुलांस येणे न जमल्यास त्यांनी त्या वेळी दूरध्वनीवरून ती नावे ऐकावी. परंतु ज्यांस येणे शक्य आहे त्यांनी यावे. शोकसंदेश यंत्रावरून पाठविता येतो, खांद्यावर हात ठेवण्यास माणूसच लागतो.

तिसरी. तेरवीचे जेवण घरची मंडळी, सोयरे आणि ज्यांनी खांदा दिला ते, एवढ्यांपुरतेच असावे. ज्यांची ऐपत आहे त्यांनीच हा पायंडा आधी पाडावा. गरिबाने जेवण आखडले तर लोक त्यास दरिद्री म्हणतात, श्रीमंताने आखडले तर त्यास रीत म्हणतात. वाचलेल्या पैशातून गेलेल्याच्या नावे एखाद्या विद्यार्थ्याची पुस्तके किंवा फी द्यावी.

चौथी. आपल्या ज्ञातीत यापुढे कोणत्याही भगिनीच्या बांगड्या फोडू नयेत आणि कुंकू पुसू नये, असा ठराव आजच्याच सभेत व्हावा. तो मांडण्याचा मान एखाद्या भगिनीने घ्यावा अशी आमची इच्छा आहे.

यांत वडील मंडळींचे पितर राहतात आणि तरुण मंडळींचे शेतही राहते. जिवंतपणी ज्याने आईबापांस पाणी विचारले नाही त्याने मागाहून वाढलेली पाच पक्वान्ने व्यर्थ आहेत, हे तर सांगावयास नको. सेवा जिवंतपणी आणि स्मरण मागाहून, हा क्रम चुकू नये एवढेच.

बंधू-भगिनींनो, आपण आज ज्यांची नावे घेऊ त्यांच्याच रांगेत एके दिवशी आपलीही नावे लागणार आहेत. ती नावे वाचणाऱ्या मुलास ती वाचताना अभिमान वाटावा, असे वागणे आपल्या हाती आहे.